सोलापूरच्या उन्हात एअरसॉफ्ट: सीओटू की एचपीए?

एअरसॉफ्ट म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या गोळ्या झाडणाऱ्या बंदुकांचा खेळ; त्यातल्या काही दाबलेल्या वायूवर चालतात. बारा ग्रॅमची सीओटू (कार्बन डायऑक्साइड) नळी खिशात मावते, बंदुकीत खटकन बसते, संपली की बदलायची. पण आपलं ऊन! ३१ अंशांच्या वर सीओटू द्रवरूपात राहतच नाही, दाब भराभर चढतो. मे महिन्यात बंद गाडीत नळ्या ठेवायच्या? विषाची परीक्षा कशाला घ्या! सलग झाडत सुटलात तर उलट नळी गारठते, जोर जातो.

एचपीए (हाय प्रेशर एअर) म्हणजे साधीच हवा, ३००० किंवा ४५०० पीएसआय दाबाला टाकीत दाबलेली. रेग्युलेटर ती शंभरेकवर आणतो. गोळी दर वेळी सारखी सुटते. खर्चिक आहे, खरं. होटगी रोडच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर दीडशेच्या आसपासच दमतो, म्हणून तीन टप्प्यांचा हातपंप लागतो. घामटं निघतं! आणि पंपाला साधं तेल लावू नका, एवढ्या दाबाखाली पेट घेऊ शकतं. तरी माझं मत एचपीएलाच.