बॅटल ब्रदर्स, बरेच महिने खेळल्यावर: गेममधल्या पैशाला किंमत येते कुठून

फँटसी आरपीजी (काल्पनिक जगात एखादं पात्र होऊन खेळायचे गेम) खेळणाऱ्या कुणालाही विचारा की शेवटाकडे तुझ्याकडे सोनं किती होतं, आकडा भलामोठा येणार, आणि त्याचं केलंस काय विचारलं की सगळे गप्प. ड्रॅगन डोक्यावर घिरट्या घालतोय, जग बुडायला आलंय आणि हिरोकडे लाखभर नाणी नुसती पडून. मला हे पहिल्यापासून खटकत आलंय. म्हणून बॅटल ब्रदर्सबद्दल जरा सविस्तर लिहितेय, कारण गेले कित्येक महिने ऑफिसवरून कर्वेनगरला फ्लॅटवर आले की जेवून रात्री हाच गेम चालू असतो, आणि पैसा हा विषय इतका मनावर घेतलेला दुसरा फँटसी गेम मी तरी खेळलेले नाही.

माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या ओव्हरहाइप स्टुडिओजचा गेम, २०१५ मध्ये अर्ली ॲक्सेसला, म्हणजे अर्धवट अवस्थेतच विक्रीला आला, पूर्ण झाला मार्च २०१७ मध्ये. तुम्ही भाडोत्री सैनिकांची एक टोळी चालवता, गावोगाव फिरून कामं घेता, डाकू, ऑर्क, गॉब्लिन, थडग्यातून उठलेले मुडदे यांच्याशी टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीने वार करायच्या लढाया करता. टोळीत जास्तीत जास्त २० माणसं, मैदानात १२, आणि मेला तो मेला, परत उठत नाही. चित्रं टूडी आहेत, माणसं नुसती छातीपर्यंतच दिसतात, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या माझ्या जुन्या लॅपटॉपवरही मस्त चालतो.

आता मुद्द्याचं. स्क्रीनच्या वर कायम दिसत राहतं की क्राउन्स, म्हणजे गेममधले पैसे किती, खायला किती, दुरुस्तीचं सामान किती, औषधं किती, बाण किती. आणि टोळीतल्या प्रत्येक माणसाचा पगार रोज कापला जातो. महिन्याला नाही, रोज. तुम्ही लढलात, नुसतं चालत राहिलात किंवा जखमा भरायची वाट बघत गावाबाहेर पडून राहिलात तरी पगार जाणार आणि माणसं जेवणार. अन्नसुद्धा ठराविक दिवसांनी खराब होतं त्यामुळे स्वस्त मिळालं म्हणून भरमसाट भरून ठेवायचीही सोय नाही. पगार थकला तर माणसांचा मूड जातो, तरी नाही दिलात तर ती सोडून जातात. पुण्यात भाड्याने राहणाऱ्याला एक तारीख आली की भाडं, मेस, लाइट बिल हे पगाराच्या आधीच डोळ्यांपुढे नाचायला लागतं ना, अगदी तीच पोटातली कालवाकालव हा गेम रोज देतो.

आणि म्हणून बाकी सगळं बदलतं. आपल्याला सवय असते की लेव्हल वाढली म्हणजे चांगलंच झालं. इथे लेव्हल वाढली की त्या माणसाचा पगारही वाढतो. नवा माणूस घ्यायचा तर भिकारी, मच्छीमार, शेतमजूर स्वस्तात मिळतात पण बहुतेक पहिल्या दुसऱ्या लढाईत आडवे होतात, आणि हेज नाइट सारखा तयार योद्धा घ्यायचा तर घेतानाही रग्गड आणि रोजचेही रग्गड. म्हणजे प्रश्न एवढाच नसतो की हा परवडतोय का, प्रश्न असा असतो की हा पुढचे पंधरा दिवस परवडणार आहे का आणि तेवढं काम मिळणार आहे का. स्कायरिम या दुसऱ्या फँटसी गेममध्ये व्हाइटरनचं ब्रीझहोम ५,००० ला घेतलं, सोलिट्यूडचं प्राउडस्पायर मॅनर २५,००० ला घेतलं की व्यवहार संपला, घर तुमच्याकडे पुन्हा काही मागत नाही. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. पैसा दुर्मीळ केल्याने त्याला किंमत येत नाही, नुसता दुर्मीळ केला तर लोक दहा मिनिटं जास्त लुटालूट करतात आणि वैतागतात. पैसा जायची वेळ ठरलेली हवी, आणि तो कुणातरी माणसापायी जायला हवा.

माणसापायी म्हणजे काय ते सांगते. लढाईत पडलेला माणूस कधी कधी मरत नाही, वाचतो, पण कायमचं काहीतरी घेऊन वाचतो, एक डोळा जातो, गुडघा मोडतो, पाय निकामी होतो. माझ्याकडे एक मिलर होता, गिरणीवाला, पहिल्या आठवड्यापासूनचा, चांगला वर चढलेला, त्याचा गुडघा गेला. आता हा पुढच्या रांगेत टिकणार नाही. ठेवला तर रोजचा पगार चालूच, आणि वर चढलेला असल्यामुळे पगारही नव्या पोरापेक्षा जास्त. काढायला गेलं तर गेम विचारतो की जाताना याला भरपाई देणार का. न देता काढला तर बाकीच्यांना ते लागतं, त्यांचा मूड उतरतो. तेव्हा तिजोरीत जेमतेम दोन दिवसांचे पगार होते, औषधं संपत आलेली, आणि मी त्या एका बटणावर बराच वेळ थांबून होते. शेवटी भरपाई दिली, आणि पुढचं जे पहिलं काम मिळालं ते घेतलं, थडगी उकरणाऱ्यांना हुसकवायचं, ज्यात कधी नुसते चोर निघतात आणि कधी मुडदे. हातात पैसे असते तर ते काम मी सोडून दिलं असतं. एकही संवाद न लिहिता गेमने हे घडवून आणलं, निव्वळ हिशोबातून, आणि याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

लढाईतही पैसा शिरतो. डाकूंचा म्होरक्या अंगावर चांगलं चिलखत घालून येतो, आणि तुम्ही कुऱ्हाडीने हातोड्याने त्याला मारलंत तर चिलखत फुटतं, फार फुटलं तर लुटीत येतच नाही. पण खंजिराला पंक्चर नावाचा वार आहे, तो चिलखत सोडून थेट अंगावर बसतो. म्हणून अनुभवी लोक काय करतात, बाकीचे संपले की शेवटच्या त्या माणसाला चारी बाजूंनी घेरायचं, मोठी हत्यारं बाजूला ठेवायची आणि खंजिराने टोचत बसायचं. हा वार चुकतो फार. प्रत्येक चुकलेल्या वाराला तो जिवंत आहे आणि त्याच्या हातातली तलवार चालू आहे. अजून एक टर्न टोचू की आता सरळ कुऱ्हाड घालून संपवू? त्या चिलखतात आठवड्याचे पगार आहेत आणि त्याच्यासमोर उभ्या आपल्या पोराच्या डोक्यावर साधं लोखंडी टोपडंसुद्धा नाहीये. माझा धाकटा भाऊ मागे बसून बघत होता, म्हणाला ताई मार ना त्याला, कशाला कंजूषपणा करतेस. मी म्हटलं चिलखत फुटलं तर उद्या खायचं काय. लांडग्यांच्या कामाला मी सुरुवातीला हात लावत नाही तेही याचसाठी, लांडग्यांच्या अंगावर चिलखत नसतं, आपलं मात्र फाटतं आणि दुरुस्तीचं सामान संपतं.

कामाची घासाघीसही चांगली आहे. पैसे वाढवून मागता येतात, डोक्यामागे इतके असं ठरवता येतं, किंवा थोडी उचल आधी मागता येते. खडखडाट असताना उचल म्हणजे देवच पावला, कारण त्यावर वाटेतलं खाणं सुटतं. फार ताणलं तर समोरचा चिडतो आणि काम हातचं जातं. गावांची परिस्थितीही बदलत राहते, व्यापाराचा रस्ता डाकूंनी अडवला की त्या गावात भाव चढतात आणि माल कमी होतो. मीठ, फर, अंबर असा माल एकीकडून घेऊन दुसरीकडे विकता येतो, नफा थोडाच, पण नाहीतरी त्याच दिशेला जायचं असेल तर एक दिवसाचे पगार निघून जातात.

इतर गेम्सनी हे केलंच नाही असं नाही. बाल्डर्स गेट २, २००० सालचा, त्यात पकडून नेलेल्या इमोएन या साथीदाराचा माग काढायला एक माणूस तुमच्याकडे २०,००० सोनं मागतो, नंतर १५,००० वर येतो, आणि तेवढ्यासाठी तुम्ही अख्खं शहर पालथं घालता. पैसा कुणासाठी जमवतोय हे स्पष्ट, म्हणून एकेक नाणं मोजलं जातं. पण तो हप्ता एकदाच, भरला की सोनं पुन्हा नुसतं सोनं. गॉथिक, २००१ चा, मला तर डोक्याने सगळ्यात हुशार वाटतो, कैद्यांच्या वसाहतीत जादुई धातूचे खडे हेच चलन, तेच खणायला तिथे माणसं डांबलेली, राजाला युद्धासाठी तेच हवंय, म्हणजे खिशातल्या प्रत्येक खड्यामागे अख्ख्या गोष्टीचं कारण आहे. गॉथिक २ मध्ये मठात शिरायला १,००० सोनं आणि एक मेंढी लागते, सुरुवातीला ते १,००० जमवताना घाम निघतो.

विचर ३ वर भावाचं आणि माझं नेहमी वाजतं. गोष्टीत नायक गेराल्ट कायम कफल्लक, राक्षस मारून गावकऱ्यांशी चार नाण्यांवरून हुज्जत घालणारा, आणि खेळताना मात्र नॉव्हिग्राड शहरापर्यंत पैसाच पैसा. सुरुवातीच्या व्हाइट ऑर्चर्डमध्ये लोक गाई मारून कातडी विकत बसायचे, तर गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्टने पॅचमध्ये, म्हणजे नंतरच्या दुरुस्तीत काय केलं, जास्त गाई मारल्या की एक मोठा चोर्ट राक्षस अंगावर सोडला. नंतर २०१५ च्याच हार्ट्स ऑफ स्टोन या डीएलसीत (गेमला जोडायचा, वेगळा विकत मिळणारा भाग) एक कर वसूल करणारा माणूस ठेवला जो ते कातड्याचे पैसे कमावलेत का असं चक्क विचारतो. हे मला फार आवडतं, पण हा पैसा येण्यावरचा उपाय झाला, जाण्यावरचा नाही. त्याच डीएलसीतला रुनराइट, हत्यारांवर जादूची अक्षरं कोरणारा कारागीर, टप्प्याटप्प्याने ५,०००, १०,००० आणि १५,००० मागतो, तो खरा खर्च, भाऊ तेवढ्यावर म्हणतो की बघ पैसे लागतात की. लागतात, पण नाही दिले तर कुणाचं काही बिघडत नाही. गेराल्ट उपाशी राहत नाही, त्याची घोडी रोच सोडून जात नाही.

आता बॅटल ब्रदर्स जिथे कमी पडतो ते. टोळी एकदा वरच्या लेव्हलची झाली, सगळ्यांना जाड चिलखतं मिळाली की मोठ्या कामांचे पैसे आणि लूट पगारापेक्षा खूप पुढे जातात, आणि इथेही तिजोरी फुगायला लागते. २०२० च्या ब्लेझिंग डेझर्ट्स डीएलसीत टोळीबरोबर फिरणारे न लढणारे मदतनीस आले, त्यांना पैसे देऊन घ्यायचं, सामानाची गाडी मोठी करायला पैसे, नावाजलेली खास हत्यारं दुकानात हजारोंना, पण हे सगळे एकरकमी खर्च. रोजची ती धाकधूक जाते. अमीरउमरावांचं युद्ध किंवा मुडद्यांची लाट अशी मोठी संकटं उशिरा येतात तेव्हा भीती जीव जाण्याची असते, पगाराची नाही. मला वाटतं टोळीचं नाव मोठं झालं की खर्चही त्या मानाने वाढायला हवा होता, मेलेल्याच्या घरी काहीतरी पाठवायचं, लंगड्या झालेल्यांना कुठेतरी कायमचं ठेवायचं, असं काहीतरी, म्हणजे मिलरसारख्या माणसाला भरपाईच्या एका बटणापलीकडे जागा राहिली असती. हे नाही याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण पाया इतका पक्का घातलाय.

दुसरं म्हणजे सुरुवात फार कठोर आहे. काहीच समजावून सांगत नाही, आणि पहिल्या काही टोळ्या बुडतातच. ज्यांना गोष्ट, पात्रं, रंगीत जग हवंय त्यांनी आधी विचार करावा, इथे प्रसंग मजकुरात येतात आणि बरेचसे पुन्हा पुन्हा येतात.

घेणार असाल तर नवीन डाव सुरू करताना लढाईची अवघडता आणि पैशाची अवघडता वेगवेगळी निवडता येते, हातात सुरुवातीला किती पैसे हेही वेगळं. बरेच लोक दोन्ही एकदम सोपं करतात. माझं सांगणं, लढाई हवी तर सगळ्यात सोपी ठेवा पण पैसा मधल्या पातळीच्या खाली आणू नका, नाहीतर ज्यासाठी एवढं लिहिलंय तेच दिसणार नाही. आयर्नमॅन, म्हणजे एकच सेव्ह, तो नियम शिकून झाल्यावर लावा. डीएलसी सगळे एकदम लागत नाहीत, मूळ गेममध्येच पगाराचा सगळा खेळ आहे, स्टीम या ऑनलाइन गेम दुकानाच्या सेलमध्ये आधी तेवढाच घ्या, आणि पुढे घ्यावासा वाटला तर पहिला ब्लेझिंग डेझर्ट्स घ्या.