नाशिक की अकलूज? ठाण्याहून निघायचं कुठे आणि बाटली आणायची कुठली

जानेवारी लागला की आमच्या सोसायटीत हा प्रश्न हमखास येतो: "वाइनरी बघायची आहे, नाशिकला जाऊ की अकलूजला?" विचारणाऱ्याला खरं तर दोन गोष्टी ठरवायच्या असतात. शनिवार-रविवार कुठे काढायचा आणि घरी पाहुणे आले की टेबलावर काय ठेवायचं. दोन्हींचं उत्तर एकच असेल असं धरलं की घोळ होतो.

आधी रस्ता. माजिवड्याहून भिवंडी, शहापूर, कसारा घाट, इगतपुरी, की आलं नाशिक. साधारण दीडशे किलोमीटर. ५ जून २०२५ पासून आमणे ते इगतपुरी हा समृद्धीचा शेवटचा टप्पा खुला झाला, त्यामुळे घाट टाळताही येतो. भिवंडी बायपासची कोंडी तेवढी टळत नाही. अकलूज मात्र पार सोलापूर जिल्ह्यात. पुणे, इंदापूर करत जवळपास तीनशे किलोमीटर. लहान मुलं मागच्या सीटवर असतील तर हा हिशेब इथेच संपतो.

इतिहासात मात्र पहिला मान दोघांचाही नाही, तो नारायणगावचा. श्यामराव चौगुले यांच्या इंडेज कंपनीनं ऐंशीच्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं तिथे फेसाळती वाइन केली आणि 'ओमर खय्याम' नावानं परदेशात विकली. पुढे कंपनी कर्जात बुडाली. माळशेजमार्गे जाताना नारायणगावला थांबाल तर खायची द्राक्षं घ्या.

नाशिककरांना द्राक्षं नवी नव्हतीच, पण ती मांडवावरची, खायची. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून परतले आणि त्यांनी गंगापूर धरणाजवळच्या जमिनीत १९९७ च्या सुमारास सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां ही पांढऱ्या वाइनची द्राक्षं लावली. त्यांच्या 'सुला' कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. लगेच २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, करात सवलती मिळाल्या, आणि दिंडोरी, विंचूर, इगतपुरीकडे वाइनऱ्या उभ्या राहिल्या. शँडन या मूळच्या फ्रेंच कंपनीनं फेसाळत्या वाइनसाठी दिंडोरीच निवडलं. मला वाटतं, कारण रात्रीच्या थंडीत आहे. नाशिकची उंची सुमारे सहाशे मीटर आणि निफाडचा पारा घसरल्याची बातमी तर दर हिवाळ्यात ठरलेली. अशा रात्री द्राक्षातला आंबटपणा टिकवून ठेवतात. म्हणून इथली पांढरी वाइन तरतरीत लागते. सोव्हिन्योंला कापलेल्या गवताचा, हिरव्या मिरचीचा वास येतो. शेनिन जरा गोडसर, पहिल्यांदा पिणाऱ्याला पटकन आवडणारी. तळलेल्या सुरमईबरोबर मी सोव्हिन्यों घेईन. दिंडोरीची शिराझ ही लाल वाइन चांगली असते, पण नाशिकचा खरा हात पांढऱ्यावर बसलाय.

अकलूजची गोष्ट भावाभावांची. इथल्या वाइन कंपनीचं नावच फ्रातेली, म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. दिल्लीचे सेखरी, अकलूजचे मोहिते-पाटील आणि इटलीचे सेच्ची अशा तीन घरच्या भावांनी २००७ च्या आसपास ही कंपनी उभी केली. वाइन करायला टस्कनीहून पिएरो मासी आले आणि आपल्या मुलखातलं सांजोव्हेझे द्राक्ष त्यांनी माळशिरस तालुक्यात रुजवलं. इकडे ऊन जास्त, पाऊस कमी. सांजोव्हेझेची लाल वाइन आंबटसर, थोडी तुरट, आणि आगरी मसाल्याच्या मटणापुढे दबून जात नाही. तिखट रश्श्याबरोबर बहुतेक लाल वाइन कडू होतात, ही तग धरते. तिच्यात काबर्ने सोव्हिन्यों (हे लाल वाइनचं द्राक्ष) मिसळून केलेली 'सेत्ते' आणखी भारदस्त, आणि महागही. वाढदिवसासारख्या निमित्तासाठी ठेवावी.

तर माझं मत असं: गाडी नाशिककडे वळवा, बाटली अकलूजची आणा. नाशिकला एका दिवसात दोन-तीन वाइनऱ्या होतात. चव घ्यायची सोय, जेवण, राहायला खोल्या सगळं आहे. अकलूजला मुख्यतः एकच बाग बघायला एवढं लांब जायचं, ते ज्याला वाइनचं खरंच वेड लागलंय त्यानं. बाकीच्यांना फ्रातेली ठाण्यातल्या दुकानात मिळते. (वय २१ पूर्ण हवं.)

जायचं ते जानेवारी ते मार्च. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, म्हणजे वेल पार मागे छाटतात, मग फळ येतं ते ऑक्टोबरच्या छाटणीनंतरच. पावसाळ्यात गेलात तर वेली हिरव्यागार दिसतील, घड एकही नाही. आणि वाइनचं द्राक्ष तोडून तोंडात टाकलंत तर हिरमोड होईल: बारीक, बियांचं, जाड सालीचं. गाडी चालवणाऱ्यानं चव घेऊन थुंकायला शिकावं. त्यासाठी तिथे भांडं ठेवलेलं असतं, लाजू नका.

आणलेली बाटली ठेवायची कुठे, हेही सांगतो. मी एकदा लाल वाइन स्वयंपाकघरात माळ्यावर ठेवली होती. मे महिना गेला आणि आतून जॅमचा शिजका वास यायला लागला; शेवटी मटणात ओतली. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात ती खोली युरोपातली. ठाण्यातल्या मे महिन्यात ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच उघडा.