सचेतचा इशारा गावच्या केबलवर: छोट्या ऑपरेटरला काय परवडतं आणि काय नाही

आधी निकाल. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ ही आपत्तीचे इशारे देणारी सेवा सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने बांधलेली आहे, फुकट आहे आणि इंदूरच्या आसपास केबल चालवणाऱ्या प्रत्येकाने ती वापरायलाच हवी. फोनपर्यंत इशारा पोचवण्याचं काम ती चोख करते. मात्र देपालपूर किंवा सांवेरच्या घरात चालू असलेल्या टीव्हीवर तो इशारा आणण्याचं काम केबलवाल्यालाच करावं लागतं, आणि अडचणी सुरू होतात त्या तिथेच. हे परीक्षण त्या शेवटच्या टप्प्याचं आहे. तीनशे-चारशे कनेक्शनवाल्याला डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिलं आहे.

ॲपबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लोकेशनची परवानगी ‘नेहमी’वर ठेवा, बॅटरी सेव्हरमधून ॲप वगळा, इंदूरसोबत धार, देवास आणि उज्जैन हेही जिल्हे बघत राहा. पाणी तालुक्याची हद्द विचारून येत नाही. फोन ऑपरेटरच्या खिशात न राहता कंट्रोल रूममध्ये चार्जरला लावलेला हवा.

खरी किंमत आहे सचेतच्या आरएसएस फीडला, म्हणजे संगणकाला आपोआप वाचता येईल अशा इंटरनेटवरच्या इशाऱ्यांच्या यादीला. त्यातला प्रत्येक इशारा कॅप, म्हणजे कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉलच्या साच्यात असतो. इशाऱ्याचा क्रमांक, तो खरा आहे की चाचणीचा, नवा की जुन्यातली दुरुस्ती की रद्द, तीव्रता, क्षेत्र आणि मुदत संपण्याची वेळ, हे सगळं वेगवेगळ्या रकान्यांत मिळतं. म्हणून हे काम साध्या मिनी पीसीवर होतं. दर दोन मिनिटांनी फीड वाचायची, क्रमांक नवा असेल तर क्षेत्र तपासायचं, आपलं असेल तर भोंगा वाजवायचा आणि टीव्हीच्या पडद्यावर फिरणाऱ्या पट्टीचा मजकूर तयार ठेवायचा. एवढ्यासाठी कुणी महागडं ‘अलर्ट यंत्र’ गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. जेल रोडवरचा जुना मिनी पीसी पुरतो.

चुका मात्र ठरलेल्या जागी होतात. पहिली घड्याळाची. स्वस्त बोर्डांत, उदाहरणार्थ रास्पबेरी पाय ४ मध्ये, घड्याळाची बॅटरी नसते. लाईट गेली, परत आली आणि इंटरनेट उशिरा जोडलं गेलं, तर बोर्ड जुनीच वेळ धरून बसतो. मग इशाऱ्यांच्या वेळांचा मेळ बसत नाही. संपलेला इशारा पट्टीवर फिरत राहतो, किंवा ताजा इशारा ‘पुढच्या तारखेचा’ म्हणून बाजूला पडतो. तोही नेमका वादळाच्या दिवशी, कारण लाईट त्याच दिवशी जाते. घड्याळाचं छोटं मॉड्यूल नाण्याएवढ्या सेलसकट लावा, आणि इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत प्रोग्रॅम सुरूच होणार नाही अशी अट घाला. दुसरी चूक चाचणीचा संदेश खरा म्हणून दाखवण्याची. ‘स्टेटस’चा रकाना न वाचता पट्टी फिरवली की हे होतं, आणि एकदा असं झालं की गाव पुढच्या खऱ्या इशाऱ्याकडेही बघत नाही. तिसरी, रद्द झालेला इशारा न उतरवणं.

अतिइशाऱ्यांचंही बोललं पाहिजे. हवामान खात्याचे बरेच इशारे जिल्हावार निघतात. पाऊस महूच्या घाटात, इशारा देपालपूरलाही. पिवळा इशारा पट्टीवर आणूच नका, नारिंगी आणि लाल तेवढे आणा. आमच्या मते ही चाळण सगळ्यात महत्त्वाची आहे, कारण रोज फिरणारी पट्टी चार दिवसांत कुणी वाचत नाही.

आता टीव्हीवर आणायचं कसं? ज्याचा स्वतःचा हेडएंड, म्हणजे चॅनेलं गोळा करून पुढे सोडणारं केंद्र आहे, त्या छोट्या एमएसओने (मल्टी-सिस्टिम ऑपरेटरने) आपल्या लोकल चॅनेलवर पट्टी द्यावी. लोकल चॅनेल प्लॅटफॉर्म सर्व्हिस (ऑपरेटरचं स्वतःचं चॅनेल) म्हणून नोंदलेलं असावं. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एका चॅनेलला एकदाच १,००० रुपये लागतात, आणि अशी चॅनेल एकूण क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंतच चालवता येतात. पण जो नुसती लाईन घेऊन पुढे देतो त्या एलसीओच्या (स्थानिक केबल ऑपरेटरच्या) हातात चॅनेल नसतं. त्याच्यासाठी दुसरा रस्ता आहे, आणि तो आम्हाला जास्त आवडतो: बॉक्सचा सक्तीचा संदेश.

ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांत सेट-टॉप बॉक्सवर जी बंधनं आहेत त्यांत हे आधीपासून आहे. हेडएंडकडून संदेश घेता आला पाहिजे, तो किमान १२० अक्षरांचा असला पाहिजे, सगळ्यांना, एका गटाला किंवा एकाच बॉक्सला पाठवता आला पाहिजे, आणि ग्राहकाला तो टाळता येऊ नये. आज ही सोय बहुतेक पैसे थकल्याची आठवण करून द्यायला वापरतात. तीच इशाऱ्याला लावली तर नवं यंत्र एकही लागत नाही. एमएसओकडे आपल्या एलसीओ कोडचा गट बनवून घ्या. शक्य असेल तर गावागावाचा वेगळा. रात्री दोन वाजता तो संदेश कोण सोडणार, त्याचं नाव आणि नंबर लेखी घ्या. बाकी सगळं जमलं आणि हे राहिलं, तर संदेश सकाळी कचेरी उघडल्यावर जातो.

मजकुराची मेख वेगळी. नियमातली १२० अक्षरं काही प्रणालींत बाइटमध्ये मोजली जातात, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, तीन बाइट खातं. हा नमुना बघा: ‘देपालपुर: शाम ४ से ७ बिजली गिरने का खतरा. पेड़ के नीचे न रुकें. पक्के मकान में जाएं.’ चिन्हं मोजली तर ८४ भरतात, पण बाइट दोनशेच्या वर जातात. अशा प्रणालीत संदेश ‘पेड़ के’पाशीच कापला जाईल आणि काय करायचं तेच गळेल. म्हणून आधी कृती लिहा, कारण नंतर. काही जुन्या बॉक्समध्ये देवनागरी फॉन्टच नसतो आणि पडद्यावर नुसते चौकोन येतात. त्यांच्यासाठी रोमन अक्षरांतली हिंदी तयार ठेवा. आपल्या जाळ्यात बॉक्सची जेवढी मॉडेलं आहेत तेवढ्यांवर एकेकदा संदेश टाकून बघा. दुसरा उपाय नाही.

पैशांचं गणित टाळून चालणार नाही. नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे ग्राहकाकडून जोडणीसाठी घेतली जाणारी महिन्याची रक्कम, १३० रुपये धरली आणि वेगळा करार नसताना लागू होणारी एमएसओ-एलसीओ यांच्यातली ५५:४५ ची वाटणी लावली, तर एलसीओच्या वाट्याला दर कनेक्शनमागे ५८ रुपये ५० पैसे येतात. तीनशे घरांचे महिन्याला १७,५५० रुपये. त्यातून पोरांचा पगार, वीज, खांबांचं भाडं आणि तुटलेली फायबर. त्यात आता २०२५ पासून एलसीओची नोंदणी केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे गेली आहे. पाच वर्षांसाठी ५,००० रुपये. स्वतःचं चॅनेल काढायला लागणारं एन्कोडर-मॉड्युलेटर घ्यायला या माणसाकडे पैसे उरत नाहीत.

अमेरिकेत हाच प्रश्न रीतसर हाताळला गेला. तिथे केबलवाल्यांना कॅप वाचणारं यंत्र ३० जून २०१२ पर्यंत बसवायचं होतं. पाच हजारांहून कमी ग्राहकांच्या जाळ्यांना नियम आधीच थोडा सैल होता: पूर्ण संदेश निदान एका चॅनेलवर, बाकीच्यांवर चित्र थांबवून सूचना. ज्यांना तेही झेपत नव्हतं त्यांना आर्थिक अडचणीच्या कारणावर सूट मागता यायची. अर्जात दोन वर्षांचा ताळेबंद आणि उत्पन्नाचा हिशोब लागे. शिवाय त्या भागात इशारा देणारे आणखी किती जण आहेत, आणि तिथे धोका किती वेळा येतो, हेही सांगावं लागे. हे शेवटचे दोन प्रश्न आपल्या ऑपरेटरने स्वतःला जरूर विचारावेत. पैसे कुठे घालायचे ते त्यातून कळतं.

आमचं उत्तर: बॅटरीत घाला. वादळात केबल बंद पडते ती बहुतेक वेळा सिग्नल वाढवणाऱ्या ॲम्प्लिफायरची वीज गेल्यामुळे, आणि ही वीज कुणाच्या तरी घरून घेतलेली असते. मिनी पीसी, ऑप्टिकल रिसीव्हर आणि राउटर मिळून ४५ वॅट धरले, तर १२ व्होल्ट १५० एएचच्या एका चांगल्या ट्यूबलर बॅटरीवर, इन्व्हर्टरची गळती वजा जाता, १८-२० तास निघतात. नोड (फायबर संपून गावातली केबल सुरू होते ती जागा) आणि पहिले दोन ॲम्प्लिफायर इन्व्हर्टर असलेल्याच घरांतून जोडा. शेवटच्या गल्लीतला ॲम्प्लिफायर गेला तर वीस घरं जातात, नोड गेला तर गाव जातं.

अर्थात घरातली लाईट गेली की टीव्हीही गेला. म्हणून वीज पडण्याच्या इशाऱ्याला केबल हा दुय्यम मार्ग समजा. वीज पडून होणाऱ्या मृत्यूंत मध्य प्रदेश देशात वरच्या क्रमांकावर असतो, आणि त्यासाठी शेतातल्या माणसाच्या खिशातला फोन आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, वीज पडण्याचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप हेच खरे. केबलचा उपयोग होतो तास-दोन तास ते दिवसभर आधी कळणाऱ्या धोक्यांना. ऑगस्ट २०२२ मध्ये धार जिल्ह्यात कारम नदीवरचं बांधकाम चालू असलेलं धरण गळू लागलं, तेव्हा धार आणि खरगोनची मिळून १८ गावं रिकामी करावी लागली होती. अशा वेळी ज्या आजींकडे साधा फोन आहे, आणि तोही बहुधा सून घेऊन गेलेली असते, त्यांच्यासमोर दुपारभर टीव्हीच असतो. इंदूरजवळच्या यशवंत सागर धरणाचे दरवाजे उघडण्याची सूचनाही याच जातीची. तिच्यासाठी संदेश आधीच लिहून ठेवता येतो, फक्त वेळ भरायची.

चाचणी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात करा, संध्याकाळी मालिका सुरू व्हायच्या आत. संदेशात पहिला शब्द ‘चाचणी’ असू द्या, आणि शेवटी जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७. प्रत्येक ॲम्प्लिफायरच्या पुढच्या एका घरी फोन करून पट्टी दिसली का, किती सेकंद राहिली आणि पूर्ण वाचता आली का, ते वहीत लिहा. मग मेन स्विच पाडून हेच पुन्हा करा.