टेकडी पण, ऑफिस पण : बेसिक एमटीबी (माउंटन सायकल) कशी वाटली

पुण्यात कोथरूड ते शिवाजीनगर ऑफिस आणि रविवारी वेताळ टेकडी, एवढ्यासाठी साधी एमटीबी घेतली. २७.५ इंची चाकं, पुढे ३ मागे ७ गिअर, मेकॅनिकल डिस्क ब्रेक. रोज नुसता डांबरी रोडच असेल तर हायब्रीड (रोडसाठीची बारीक टायरवाली सायकल) बघा, सरळ सांगतो. वजन चांगलंच आहे, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमधे राहत असाल तर आधी दुकानातच एकदा उचलून बघा राव.

टेकडीवर मात्र मजा येते. मुरुमावर टायर मस्त धरतात, चढाला सगळ्यात हलका गिअर टाकला की बसल्या बसल्या चढते, फक्त पुढचं सस्पेन्शन म्हणजे नुसती स्प्रिंग, डॅम्पिंग (स्प्रिंगची उसळी आवरणारी सोय) वगैरे काही नाही, त्यामुळे उतारावर दगड लागोपाठ आले की हँडल थडाथडा उडतं आणि मनगटं बोलायला लागतात. उड्याबिड्या मारायची ही सायकलच नाही.

रोडवर तेच जाड टायर घूं घूं करत मागे ओढतात, हवा थोडी वाढवली (टायरच्या साईडला लिमिट लिहिलेलं असतं, त्याच्या आतच) तर बराच फरक पडतो. मडगार्ड, लाईट काहीच सोबत आलं नाही, पावसाळ्यात पाठीवर चिखलाची रांगोळी नको असेल तर लगेच बसवून घ्या.

नवी असताना केबल सैल पडतात आणि गिअर कटकट करतात, घाबरू नका, मागच्या डिरेलरजवळचा (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवतो तो भाग) बॅरल ॲडजस्टर, म्हणजे केबलचा ताण कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू, अर्धा आटा फिरवला की बसतं. ब्रेक पण केबलवालेच, गल्लीतला सायकलवाला सुद्धा पाच मिनिटात ओढून देतो, हायड्रॉलिकची (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकची) भानगड नाही हे उलट बरंच.