तीनचाकी, चारचाकी की शेडमधली ट्रॉली?

माल वाहणारी इलेक्ट्रिक गाडी घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "एका चार्जिंगला किती जाते?" कोल्हापुरात शिरोलीच्या फाउंड्रीतून, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्यातून, उद्यमनगरातल्या मशीन शॉपला माल पोचवायचा असेल तर अंतर फारसं नाहीच. तिथं बघायचं ते वजन.

बिडाचं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतलेला भाग, डोळ्यांना फसवतो. साडेपाचशे किलो माल हौद्याच्या तळाशीच बसतो. गाडी रिकामी दिसते, मग भरणारा आणखी चार नग टाकतो. महिंद्रा ट्रिओ झोरसारख्या तीनचाकीची क्षमता मात्र तेवढीच, साधारण साडेपाचशेची. जास्त भरलं तरी ती उठते, कारण इलेक्ट्रिक मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते. मार बसतो तो सस्पेन्शन, टायर आणि ब्रेकला. खोकी, पॅटर्न (साच्यासाठीचे नमुने), सुटे पार्ट असला हलका माल असेल तर तीनचाकी खुशाल घ्या.

कास्टिंगला चारचाकीच. टाटा एस ईव्ही २०२२ मध्ये आली ती ६०० किलोची होती, एक टनाची २०२४ मध्ये आली. फाउंड्रीवाल्यानं एक टनाचीच बघावी. पहिल्या एसची बॅटरी २१.३ युनिटची. चार्जिंगमधली घट धरून २५ युनिट लागले आणि युनिटला दहा रुपये पडले, तर एकदा पूर्ण चार्ज करायचा खर्च अडीचशे. एवढ्यात तीन लिटर डिझेलही येत नाही. पण हा फायदा गाडी रोज पळाली तरच. दिवसाला एकच फेरी असेल तर जुनी डिझेल गाडी विकायची घाई नको.

शेडच्या आत माल हलवणाऱ्या ट्रॉलीत निवड बॅटरीची. लेड-ॲसिड स्वस्त, पण चार्जिंगला सात-आठ तास घेते, डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते. भट्टीजवळ तिला चार्जिंगला लावणं म्हणजे आगीशी खेळ. एकच शिफ्ट असेल तर चालून जाते. दोन शिफ्ट असतील तर लिथियम घ्या, जेवणाच्या सुट्टीतही थोडी भरून घेता येते.

कचरा गोळा करणाऱ्या गाडीचं गणित उलटं. गंगावेश, शुक्रवार पेठेच्या बोळांत चारचाकी टिपर वळवताना ड्रायव्हर रडकुंडीला येतो. तिथं तीनचाकी घंटागाडीच बरी. दारोदारी थांबायचं, पुन्हा निघायचं, यात डिझेल इंजिन उभ्या उभ्या जळतं, मोटर गप्प राहते. सुका कचरा हौदा भरतो पण वजन होत नाही, ओला पावसाळ्यात भिजून जड होतो. त्यामुळे क्षमता ओल्यावर ठरवा. हौद्यातून गळणारं घाण पाणी वायरिंगवर पडतं का, हे खाली वाकून बघा. टेंडरच्या कागदावर ते दिसत नाही.

बॅटरीवर आयपी ६७ (धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा) लिहिलंय म्हणून पुरात गाडी सुरक्षित, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ती चाचणी एक मीटर पाण्यात अर्ध्या तासाची. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी कित्येक दिवस उतरलं नव्हतं. चार्जिंगची जागा पूररेषेच्या वरच हवी, मग डेपो थोडा लांब पडला तरी चालेल.

परमिटची कटकट इलेक्ट्रिकला २०१८ पासून नाही. विमा आणि फिटनेस मात्र लागतातच.

डेमोला गाडी आली की रिकामी फिरवू नका. आपलाच माल भरा, पुलाच्या चढावर मध्येच थांबवा आणि पुन्हा उचलून बघा. नंतर विक्रेत्याला विचारा, गाडी बंद पडली तर मेकॅनिक कोल्हापुरातला येणार की पुण्याहून?