‘चोपणात एकरी 110 टन’: माझे 84,800 रुपये कसे गेले

मी कृष्णाकाठचा, सांगली जिल्ह्यातील शेतकरी आहे. सव्वीस वर्षे ऊस करतो आहे आणि ‘लोक फसतात तरी कसे’ असे आजवर मीही म्हणत आलो आहे, हे आधीच कबूल करतो. माझे दोन एकर रान अति पाण्याने चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट, निचरा न होणारे झाले असून माती परीक्षणात सामू (पीएच) 8.7 आला होता. अशा रानात फुले 265 हा उसाचा वाण तग धरतो हे मला ठाऊक होते. बांधालगतच्या दहा गुंठ्यांत तो उभाही होता. तरीही जून 2023 मध्ये एका खासगी रोपवाटिकेचा माणूस ‘पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रातून थेट आणलेला, अजून प्रसारित न झालेला, खास चोपणासाठीचा, एकरी 110 टन देणारा वाण’ सांगत आला, तेव्हा मी त्याला सोप्यात बसवून चहा पाजला.

टिश्यू कल्चरचे, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेले रोप साडेआठ रुपयांना, म्हणजे 8,800 रोपांचे 74,800 रुपये. शिवाय दहाव्या महिन्यात बेणे (लागणीसाठीचा ऊस) टनाला 6,000 रुपयांनी परत घेण्याच्या कराराची ‘नोंदणी’ 10,000 रुपये. गावात साधे रोप तेव्हा अडीच-तीन रुपयांना मिळत होते. परतीचा असा करार पुढे पाळला जात नाही, हे वाचणाऱ्यांना ठाऊकच आहे.

मला आजही झोपू देत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. टेम्पोतून ट्रे उतरवताना मी सहज एक रोप उपटून पाहिले, तर मुळांच्या जाळीत उसाची एका डोळ्याची (कोंबाची) कांडी होती. प्रयोगशाळेत बाटलीत वाढलेल्या रोपाखाली कांडी येईल कुठून? मी विचारलेही. ‘काका, टिश्यूच्या उसाचाच हा डोळा, दुसरी पिढी,’ असे तो म्हणाला. टिश्यूच्या बेणेमळ्यातून अशी रोपे करतातच, म्हणून मी गप्प बसलो; मग दर टिश्यूचा का, हे मात्र तोंडातून निघाले नाही. मजूर रानात खोळंबले होते आणि आभाळ भरून आले होते, एवढेच माझे समर्थन आहे.

खूण नावातही होती. ‘को’ म्हणजे कोइमतूरचा, ‘कोएम’ म्हणजे महाराष्ट्रात निवडलेला, हे आपल्याकडे शाळकरी पोरही सांगेल. याच्या वाणाला आकड्याआधी नुसते ‘सुपर’ होते. कोइमतूर किंवा आंबोलीसारख्या ठिकाणी तुऱ्याचा (उसाच्या फुलोऱ्याचा) संकर करायचा, हजारो रोपांतून थोडी निवडायची, ती ठिकठिकाणच्या जमिनींत लागणीला आणि खोडव्यालाही (तोडीनंतर बुडख्यातून फुटणाऱ्या पिकालाही) तपासायची, यात दहा-बारा वर्षे जातात. असा वाण प्रसारणाआधी टेम्पोतून विकायला येत नाही. अनुज्ञप्ती क्रमांकासह छापील पावती मिळाल्याशिवाय रुपयाही देऊ नका. माझी पावती वहीच्या कागदावर आहे.

पाचव्या महिन्यात बेटांना गवतासारखे बारीक, पांढुरके फुटवे आले. ती गवताळ वाढ होती, म्हणजे बेण्यातून पसरणारा रोग; तो रोखणारी उष्ण बाष्प प्रक्रियाही बेण्याला झालेली नव्हती. उरलेल्या उसात तीन जातींची भेसळ होती. कांड्यांचा रंग आणि पानाच्या देठावरची कूस (बारीक लव) पाहून शेजारच्या आबांनी ती बांधावरूनच ओळखली.

तक्रार मी जून 2024 मध्ये दिली. कृषी कार्यालयाने पिशवीचे लेबल मागितले. रोपांना पिशवी नसते, हे मला कृषी खात्याला समजावून सांगावे लागले! पोलिसांनी हा दिवाणी मामला ठरवला. कारखान्याच्या शेती विभागाने नोंद ‘इतर जात’ अशी केली आणि त्यामुळे तोडही मागे पडली. पाच वेळा खेटे घातल्यावर पाहणीचे पथक आले ते फेब्रुवारी 2025 मध्ये, तोवर रानात पाचट उरले होते. ‘पीक दिसत नसल्याने निष्कर्ष काढता येत नाही,’ असा शेरा त्यांनी मारला. म्हणून सांगतो, संशय येताच त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, तारखेसह फोटो काढा आणि रोपांचा एक ट्रे बाजूला जपून ठेवा.

दोन एकरांत 37 टन 400 किलो निघाला. रोगट बेटांमुळे खोडवाही ठेवता आला नाही. परवा पलूसच्या पाहुण्यांनी त्याच माणसाचे पत्रक पाठवले. रोप आता साडेनऊ रुपये आहे आणि पत्रकावरचा हिरवागार प्लॉट माझाच आहे, लागणीनंतर दीड महिन्याचा.