पँटोनची फॉर्म्युला गाइड : चित्र, जाहिरात आणि मासिक

चित्रकार म्हणून सुरुवात करून पुढे जाहिरात एजन्सीत आणि तिथून मासिकाच्या निर्मितीत गेलेल्या माणसाच्या टेबलावरची बहुतेक साधने वाटेत बदलत जातात. पँटोन या कंपनीची फॉर्म्युला गाइड, म्हणजे छपाईच्या क्रमांकित रंगांची नमुना-पुस्तिका, मात्र तिन्ही ठिकाणी सोबत राहते, पण तिचा उपयोग तिन्ही ठिकाणी सारखा होत नाही आणि ती घेण्यापूर्वी नेमके हेच तपासायला हवे. माझे मत आधीच सांगून टाकतो : जाहिरातीच्या कामात तिच्यावाचून चालत नाही, मासिकासाठी ती एकटी पुरत नाही, आणि केवळ रंगसंगती सुचावी म्हणून चित्रकाराने ती घेऊ नये.

एका टोकाशी अडकवलेल्या लांबट पट्ट्यांचे हे दोन जुडगे असतात. एक चकचकीत आर्ट पेपरवर छापलेला, तर दुसरा मॅपलिथोसारख्या कोरड्या, शाई शोषणाऱ्या कागदावर. पट्ट्या पंख्यासारख्या उघडल्या की प्रत्येक रंगाजवळ त्याचा क्रमांक दिसतो, आणि तो रंग करण्यासाठी कोणत्या मूळ शाया किती प्रमाणात मिसळायच्या याचे सूत्रही दिसते. पँटोनचे मालक लॉरेन्स हर्बर्ट यांनी १९६३ मध्ये ही पद्धत बाजारात आणली. एकाच नावाचा लाल प्रत्येक शाई-उत्पादकाकडे निराळा मिळत असे. त्याऐवजी मोजक्या मूळ शायांच्या मिश्रणातून ठरलेला रंग कुठल्याही छापखान्यात करता यावा, अशी ती कल्पना होती. २०२३ मधली नवी भर धरून या गाइडमध्ये २,३९० रंग आहेत, आणि त्यांतल्या बहुसंख्य रंगांना आपण आयुष्यात हात लावत नाही.

तिचे खरे काम एजन्सीत दिसते. ग्राहकाचे बोधचिन्ह लेटरहेडवर, खोक्यावर आणि फलकावर छापायचे असते, आणि ‘जरा उबदार हवा’, ‘मागच्या वेळी असा नव्हता’ अशा चर्चेला अंत नसतो; तिथे एक क्रमांक ठरला की वाद मिटतो. २००३ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेच्या समितीने आपल्या ध्वजाच्या निळ्यासाठी पँटोन ३०० ची शिफारस केली, तीही अशीच गरज होती. मात्र क्रमांकापुढची ‘सी’ (कोटेड, म्हणजे चकचकीत कागद) आणि ‘यू’ (अनकोटेड, म्हणजे कोरडा कागद) ही अक्षरे गाळून चालत नाही. १८६ सी आणि १८६ यू यांत शाई एकच असते, फरक कागदाचा असतो. आर्ट पेपरवर झळाळणारा लाल कोरड्या कागदावर बसका दिसतो. म्हणून ब्रँडच्या नियमावलीत दोन्ही कागदांसाठी रंग वेगवेगळा पाहून ठरवणे हाच शहाणपणा आहे, आणि दोन जुडगे शेजारी धरून तो निर्णय दोन मिनिटांत होतो.

इथेच गाइडची एक मर्यादाही कळते. युरोपीय संघाच्या ध्वजावरचा ‘रिफ्लेक्स ब्लू’ हा पँटोनचा निळा घ्या. पट्टीवर तो इतका देखणा दिसतो की कोणीही ग्राहक मोहात पडावा, पण ही शाई वाळायला फार वेळ घेते, हे प्रत्येक मशीनमनला ठाऊक असते. घाईत घडी घातली तर ती समोरच्या पानाला लागते आणि हाताळताना पुसली जाते. गाइडमध्ये रंग दिसतो, त्याचे वाळणे दिसत नाही. त्यामुळे क्रमांक पक्का करण्याआधी छापखान्याला एक फोन करावा, हे मी प्रत्येक नवख्या कला-दिग्दर्शकाला सांगत आलो आहे.

मासिकाच्या टेबलावर हिशेब बदलतो. आतली पाने फोर कलरमध्ये, म्हणजे ठरावीक चार शायांत, छापली जातात, आणि पाचवा रंग म्हणजे आणखी एक प्लेट आणि यंत्रावर आणखी एक युनिट. मुखपृष्ठावरच्या मासिकाच्या नावासाठी ते एखादे वेळी परवडते, आतल्या पानांसाठी नाही. मग एजन्सीकडून स्पेशल कलरसह, म्हणजे वेगळ्या मिसळलेल्या पँटोन शाईसह, आलेली जाहिरात आपल्याला फोर कलरमध्ये उतरवावी लागते, आणि ऑरेंज ०२१ सारखा धगधगता नारिंगी तिथे हटकून मळतो, कारण निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शायांच्या मिश्रणातून तो रंग निघतच नाही. एजन्सीत बसलेल्या माणसाला हे छापखान्याचे अपयश वाटते. मासिकात बसलेल्याला ते आधीच दिसत असते, पण जाहिरातदाराला दाखवायला हाताशी काही नसते. ती सोय फॉर्म्युला गाइडमध्ये नाही. त्यासाठी मूळ रंग आणि त्याची फोर कलरमधली आवृत्ती शेजारीशेजारी छापलेली ‘कलर ब्रिज’ घ्यावी लागते. मुखपृष्ठावर चंदेरी ८७७ हवा असेल तर धातुरंगांची गाइड आणखी वेगळी. एकाच कंपनीची ही वाटणी मला आजही पटत नाही.

पट्ट्या कोणत्या उजेडात पाहता यालाही महत्त्व आहे. पाच हजार केल्विनच्या, म्हणजे दिवसासारख्या पांढऱ्या, उजेडात जुळलेले दोन नमुने पिवळ्या दिव्याखाली वेगळे दिसू शकतात. आपल्याकडचा उजेड योग्य आहे की नाही हे ओळखण्याची एक पट्टी गाइडमध्येच दिलेली असते, आणि फारसे कोणी तिच्याकडे पाहत नाही.

२०२२ च्या अखेरीस ॲडोब कंपनीच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधून बहुतेक पँटोन रंगसंग्रह काढले गेले आणि ते वापरण्यासाठी वेगळी वर्गणी आली. त्यानंतर कागदी गाइडचे मोल माझ्या लेखी वाढले. स्पॉट कलरच्या (स्पेशल कलरचेच दुसरे नाव) प्लेटला अखेर एक नाव पुरते. फाइलमध्ये स्पॉट रंग करून त्याला अचूक क्रमांक दिला, तर पडद्यावर तो कसाही दिसो, छापखाना शाई त्या क्रमांकाचीच मिसळतो. डोळ्यांनी पाहायचा रंग हातातल्या पट्टीवर असतोच.

राहता राहिला चित्रकार. जलरंगाच्या एका फटकाऱ्यात जेवढ्या छटा उतरतात, त्यांतली एकही सपाट चौकोनात बसत नाही. दोन शायांत छापायच्या चित्रांना ही गाइड मदत करते, पण तिथेही एका शाईवर दुसरी चढल्यावर जो तिसरा रंग निघतो तो तिच्यात सापडत नाही. तो प्रूफ, म्हणजे चाचणी छपाई, काढूनच पाहावा लागतो. शाई विटते आणि कागद पिवळा पडतो, म्हणून बारा ते अठरा महिन्यांत गाइड बदलावी, असे कंपनी सांगते. जाहिरातीच्या कामात मी हे पाळावे असेच म्हणेन, आणि बाद झालेली जुनी गाइड चित्रकाराच्या टेबलावर द्यावी : रंगांच्या जोड्या लावून पाहण्यापुरती ती आणखी कितीतरी वर्षे पुरते.